निकाल न लिहिणारे काका

भिवंडीजवळच्या दापोड्याच्या गोडाऊनमध्ये दुपारचे तीन वाजले की जपानमध्ये संध्याकाळ झालेली असायची. हे मला काकांमुळे कळलं. तोवर जपान कुठल्या बाजूला आहे याचाही मी कधी विचार केला नव्हता.

मी तिथे कॉम्प्युटरवर बसायचे, माल आला-गेला त्याच्या नोंदी करायला. काका इनवर्डला होते. म्हणजे ट्रक आला की खोके मोजून घ्यायचे, फाटलेलं-भिजलेलं बाजूला काढायचं आणि सही करायची. वय सत्तावन्न-अठ्ठावन्न. अंगाने काडी. दम्याचा त्रास, म्हणून शर्टाच्या खिशात पंप. त्यांचं घराणं भिवंडी गावातलं जुनं, कारकुनी करणारं. घर लूमच्या गल्लीत. लहानपणापासून यंत्रांच्या खडखडाटात वाढल्यामुळे ते फार हळू बोलायचे आणि समोरच्याच्या ओठांकडे बघत ऐकायचे. गोडाऊनमधल्या सगळ्यांना ते 'तुम्ही' म्हणत. मला, वॉचमनला, माल उतरवणाऱ्या युपीच्या पोरांनाही. पोरं आधी हसायची, मग त्यांना सवय झाली.

वर्षातला एक महिना मात्र काका आमच्यात नसायचे. म्हणजे कामाला यायचे, मोजणी कधी एका खोक्यानेही चुकायची नाही, पण असायचे दुसरीकडेच. जपानमध्ये भर उन्हाळ्यात व्यावसायिक कुस्त्यांची एक मोठी स्पर्धा होते. वीस पैलवान, दोन गट. गटातल्या प्रत्येकाने गटातल्या प्रत्येकाशी लढायचं, आज या शहरात, परवा त्या शहरात. दोन्ही गटांतले पहिले शेवटी एकमेकांसमोर. काका हे सगळं मोबाईलवर थेट बघायचे. त्यासाठी ते सकाळचा चहा सोडायचे, जेवण दहा मिनिटांत उरकायचे आणि वाचवलेला सगळा वेळ तीन वाजता एकदम घ्यायचे. मॅनेजर काही बोलत नसे. मोजणी बरोबर असलेल्या माणसाला कोण बोलणार?

मोबाईल स्टेपलरला टेकवून ठेवायचा. एका कानात इयरफोन, दुसरा कान फोर्कलिफ्टसाठी मोकळा. तिकडे घंटा वाजली की इकडे काका चपला काढून बाजूला ठेवायचे.

"चपला कशाला काढता काका?" मी पहिल्या वर्षी विचारलं होतं.

"ते लोक घाम गाळतायत," ते म्हणाले. "आपण निदान पाय तरी मोकळे ठेवावेत."

याचा अर्थ मला लागला नाही. तरीही एक-दोनदा त्यांच्या शेजारी बसून बघताना मीही चपला काढल्या होत्या.

ऑगस्टमधल्या त्या दुपारी मला अजून आठवतात. छताच्या पत्र्यांमध्ये मधूनमधून पारदर्शक पत्रे होते, त्यातून उजेडाचे लांब पट्टे खाली यायचे आणि त्यात पुठ्ठ्याची धूळ तरंगत राहायची. कबुतरं वरच्या रॅकवर घुमायची. जेवण झालेलं असायचं, डोळे जड व्हायचे आणि त्या एवढ्याशा पडद्यावर कुठल्यातरी दूरच्या शहरातला हॉल, रंगीत कागदी फिती हवेत उडतायत, एक माणूस दोऱ्यांमधून वाकून आत येतोय. निवेदक जपानीत बोलायचे. आम्हाला दोघांनाही एक अक्षर कळायचं नाही. प्रेक्षक पाय आपटायला लागले की काका डोळे मिटून म्हणायचे, "आमची गल्ली. दिवसपाळी सुरू झाली." आणि खरंच तो आवाज लूमसारखा यायचा. मला कधीकधी वाटायचं, आपण गोडाऊनमध्ये नाहीच आहोत. किंवा ते जपानी लोक आपल्याच रॅकच्या मागे कुठेतरी बसलेत.

पैलवानांची नावं काकांना वाचता येत नव्हती, म्हणून त्यांनी आपली ठेवली होती. एक होता 'जावई', कारण तो रिंगमध्ये यायचा तेव्हा ताट वाढलेलं असणार याची त्याला खात्री असल्यासारखा यायचा. एक 'तहसीलदार', तो समोरच्याला बराच वेळ ताटकळत ठेवायचा. आणि एक म्हातारा, पन्नाशीचा असेल, दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या, खांद्याला पट्टी. त्याला काका 'हेडमास्तर' म्हणत. तो बहुतेक वेळा हरायचाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याच्या कूलरशेजारच्या फळ्यावर काकांचं परीक्षण लागलेलं असायचं. पाठकोऱ्या कागदावर, निळ्या शाईत, वळणदार अक्षरात. सुरुवात बहुधा प्रेक्षकांपासून: 'काल हॉल अर्धा रिकामा होता. पण आलेले लोक मनापासून आले होते.' मग कोण कसा आत आला, कोणाचा कोणता पाय दुखत होता, कोणी कोणाला कसं उचललं, पडणारा कसा पडला. परीक्षणात ते स्वतःला 'आम्ही' म्हणत. आणि एक गोष्ट त्या कागदावर कधीही नसायची. कोण जिंकलं.

मी ते पोरांना हिंदीत वाचून दाखवायचे. शेवटी दरवेळी तोच ओरडा. "अरे काका, जीता कौन?"

"वो तो कोई भी बता देगा," काका म्हणायचे. "आप पूछो, गिरा कैसे?"

मला एकदा त्यांनी नीट समजावलं होतं. निकाल ही बातमी असते. ती एका ओळीत संपते. कुस्ती वीस मिनिटं चालते, तर लिहायचं त्या वीस मिनिटांवर. आणि बघायचं पडणाऱ्याकडे. पाडणारा आपोआप दिसतोच.

एक दिवस नवीन लागलेला एक पोरगा कागद ऐकून हसला. "काका, ये सब सेटिंग है. पहले से तय रहता है कौन जीतेगा. आपको मालूम नहीं?"

मला काकांची काळजी वाटली. ते मात्र खूश झाल्यासारखे दिसले.

"मालूम है," ते म्हणाले. "नाटक में भी आखिर का तय रहता है. कोई टिकट वापस मांगता है क्या?" मग त्यांनी त्या पोराला पुढे बोलावलं आणि आमच्यातल्या सगळ्यात दांडग्या हमालाला म्हणाले, "इनको उठाइए. उलटा."

त्याने पोराला कमरेला धरून उचललं, डोकं खाली पाय वर. पोरगा ओरडायला लागला, "छोडना मत, छोडना मत!"

"अभी बोलिए," काका खाली वाकून त्याच्या उलट्या चेहऱ्याला म्हणाले, "आपकी गर्दन किसके पास है?"

पोराला अलगद खाली ठेवलं. तो हसत होता, पण मान चोळत होता. काका माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "ज्याला उचलायचं, त्याची मान आपल्याकडे ठेवायला दिलेली असते. एवढंच बघायचं असतं, नीट ठेवली की नाही." त्यांचा आवाज तेव्हा जरा वेगळाच लागला.

त्याच दुपारी मी विचारलं, "काका, तुम्ही कधीच कुणाबद्दल वाईट लिहीत नाही. एखादा खरंच वाईट लढत असेल की."

त्यांनी हातातलं पेन बाजूला ठेवलं. मग बोलले.

तेवीस वर्षांचे असताना ते इथल्या एका साप्ताहिकात नाटकांवर लिहायचे. नाव न देता, 'प्रेक्षक' या सहीने. लोक ते सदर हसण्यासाठी वाचायचे. एकदा शेजारच्या राहनाळच्या देवळासमोरच्या मैदानात गावातल्या मंडळाचं नाटक होतं. मुंबईला नोकरीसाठी गेलेला मुलगा बऱ्याच वर्षांनी घरी येतो आणि त्याला दार उघडत नाहीत, असं काहीतरी. नायकाचं काम तिथल्याच एका शेतकऱ्याच्या मुलाने केलं होतं. काकांनी लिहिलं, 'नायकाने प्रवेश केला, आणि तो केव्हा जातो याची आम्ही तीन अंक वाट पाहिली.'

मला हसू आलं. ते बघून काका म्हणाले, "हो ना. सगळेच हसले. चहाच्या टपरीवर लोक पाठ म्हणायचे. तो मुलगा कुठे आत शिरला की मागून कोणीतरी म्हणायचं, आला, आता जातो केव्हा बघा. त्याने परत तोंडाला रंग लावला नाही. पुढच्या वर्षी मंडळही बंद पडलं."

"आता कुठे असतो तो?"

"बुधवारी येतो की," काका म्हणाले.

मला एक क्षण कळेना. मग कळलं. बुधवारी गोडाऊनचे मालक यायचे. मालक म्हणजे ज्यांच्या शेतजमिनीवर ही सगळी गोडाऊनं उभी होती, ते. पांढरा शर्ट, गळ्यात जाड साखळी, मोठी गाडी. छत गळतंय का बघायचे, बिनसाखरेचा चहा प्यायचे आणि जायचे. आणि दर बुधवारी काकांना अगदी मागच्या रॅकवर काहीतरी काम निघायचं. दोन वर्षं मी ते बघत होते आणि मला वाटायचं, योगायोग.

"त्यांना माहीत नाही?"

"सही 'प्रेक्षक' होती. कसं कळणार?" मग म्हणाले, "मी इथे लागलो तेव्हा मला माहीत नव्हतं जागा कोणाची आहे. पहिल्या बुधवारी बघितलं. दारातून आत येताना अजून जरासे थबकतात ते. तुम्ही नाही बघितलंत?"

पुढच्या बुधवारी मी बघितलं. खरंच थबकले.

त्या वर्षी हेडमास्तरचा शेवटचा सामना मंगळवारी झाला. गटात तळाला होता, आता जिंकून उपयोग नव्हता. समोर होता जावई. काकांनी त्या दिवशी दोन्ही कानांत इयरफोन घातले, हे मी तेव्हाच काय ते पाहिलं. संपल्यावर त्यांनी चपला घातल्याच नाहीत. तसेच अनवाणी इनवर्डच्या टेबलाशी गेले आणि लिहायला बसले. बुधवारी सकाळी फळ्यावर एकाऐवजी तीन कागद लागले.

त्यातलं थोडं मला पाठ आहे. 'हेडमास्तर पाचव्यांदा उठले तेव्हा उठण्यात काही अर्थ उरला नव्हता. जावयांनाही ते कळत होतं. त्यांनी हेडमास्तरांना खांद्यावर घेतलं आणि टाकण्यापूर्वी एका हाताने त्यांची मान सावरली. हे निवेदकांना दिसलं नसेल. आम्हाला दिसलं. नंतर हेडमास्तर चारी बाजूंना वाकले. लोक घरी जायला उठले होते ते पुन्हा बसले.'

मालक चहा घेऊन कूलरशी आले. फळ्यासमोर उभे राहिले आणि वाचायला लागले. वाचताना त्यांचे ओठ हलत होते. पहिला कागद, दुसरा, तिसरा. परत पहिला. चहा गार झाला.

"कोन लिवतो ह्ये?" त्यांनी मला विचारलं.

"आमचे काका. इनवर्डचे."

"बोलव त्याला."

मी मागच्या रॅकपर्यंत चालत गेले तो रस्ता मला फार लांब वाटला. काका एका खोक्यावर नुसतेच बसले होते. मी काही बोलायच्या आत उठले, शर्ट खोचला, पंप एकदा तोंडात मारला आणि निघाले.

"तू लिवलंस?" मालक म्हणाले.

"हो."

"ह्यो म्हातारा जिकला का हारला?"

"हरला."

"ह्यात तर तसं लिवलेलं न्हाय."

"नाही."

मालक फळ्याकडे बघत राहिले. "आमच्या टायमाला पन एक व्हता लिवनारा," ते म्हणाले. "पेपरात. आम्ही, आम्ही करायचा असाच. माझ्यावर लिवलं व्हतं त्यानं." आणि त्यांनी ते वाक्य म्हणून दाखवलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. शाळेत कविता म्हणतात तसं, सरळ उभं राहून.

पलीकडे एक फोर्कलिफ्ट मागे येताना पी पी करत होती. ती थांबेपर्यंत काका थांबले.

"तो मीच होतो," ते म्हणाले.

मालकांनी त्यांच्याकडे पाहिलं. खालपासून वरपर्यंत, त्या काडीसारख्या माणसाकडे. मला वाटलं आता आवाज चढणार. चढला नाही.

"मंग माझ्या येळंला असं का न्हाय लिवलंस?"

"तेव्हा मला येत नव्हतं," काका म्हणाले. "फक्त हसवायला येत होतं."

मालकांनी कप खिडकीत ठेवला आणि गाडीकडे गेले. मॅनेजर केबिनमधून धावत बाहेर आला, काय झालं, काय बोललात तुम्ही त्यांना? काका टेबलाशी जाऊन आलेला ट्रक मोजायला लागले. त्या आठवड्यात दोनदा त्यांनी मला विचारलं की दुसरीकडे कुठे इनवर्डला माणूस हवा असेल तर लक्ष ठेवाल का. घरात त्यांची म्हातारी आई होती. निवृत्तीला दीड वर्ष बाकी होतं.

पुढचा बुधवार स्पर्धेच्या अंतिम लढतीचा होता. काका पाच मिनिटं आधीच मोबाईल लावून बसले होते. तीनला दोन मिनिटं कमी असताना मालक आले. हातात प्लास्टिकच्या पिशवीत एक जुनी वही.

"येळ हाय का तुला?"

पडद्यावर दिवे मंद झाले होते. हॉल गच्च भरला होता, फिती उडायला लागल्या होत्या. काकांनी एकवार तिकडे बघितलं आणि मोबाईल टेबलावर पालथा ठेवला.

"आहे," ते म्हणाले.

मालकांनी चार नंबरचं शटर खाली ओढायला लावलं. मला म्हणाले, "तू पन बस, पोरी. दोघं तरी पायजेत बघायला." आम्ही दोन खोक्यांवर बसलो. काकांनी चपला काढल्या. मालकांनी वही उघडली, मिटली, माझ्याकडे दिली आणि बंद शटरसमोर जाऊन उभे राहिले. वरून उजेडाचा एक पट्टा त्यांच्या खांद्यावर पडला होता. साठीला आलेला, सुटलेल्या पोटाचा माणूस, आणि त्याला त्या नाटकातला, घरी परत आलेला बाविशीचा मुलगा व्हायचं होतं. दार उघड म्हणून आईला हाका मारायच्या होत्या.

खरं सांगायचं तर ते वाईट करत होते. फार मोठ्याने बोलत होते. प्रत्येक वाक्याला उजवा हात वर जायचा, सभेत जातो तसा. नाटकातली शुद्ध भाषा त्यांच्या तोंडात बसत नव्हती. मी खाली बघत राहिले. काका बघत होते, पापणीही न हलवता, मोबाईलकडे बघायचे तसे.

मध्येच मालक विसरले. मी वहीत जागा शोधायला लागले, ती सापडेना. मालकांनी हात शटरवर ठेवला. पत्रा जरासा वाजला. ते तसेच उभे राहिले, काही न बोलता, कपाळ दाराजवळ नेऊन. कबुतरंही गप्प होती. किती वेळ गेला कोण जाणे. मला वाटलं पलीकडे खरंच कोणीतरी उभं आहे, आणि कडी काढावी की नाही हे त्याला ठरवता येत नाहीये.

मग त्यांना शब्द आठवले आणि ते पुन्हा ओरडायला लागले.

संपल्यावर घाम पुसत ते म्हणाले, "लिव."

काकांना ते लिहायला चार दिवस लागले. रोज कागद फाडायचे. एकदा मी म्हटलं, "काका, चांगलं लिहून टाका ना. नोकरीचा प्रश्न आहे."

"एकदा मान सोडून दिली त्यांची," ते म्हणाले. "आता खोटं लिहिलं तर परत सोडल्यासारखंच."

सोमवारी कागद पुरा झाला. फळ्यावर लावला नाही. बुधवारी काकांनी तो मालकांच्या हातात दिला. मालकांनी मला मोठ्याने वाचायला सांगितलं, चष्मा गाडीत राहिला म्हणून.

'प्रेक्षक दोनच होते,' मी वाचलं. 'नटाचा आवाज मोठा आहे. तो दाराला ऐकू गेला असता तरी पुरे होतं. प्रत्येक वाक्याला उजवा हात वर जातो, त्यामुळे कुठलं वाक्य दुखलं ते कळत नाही. मध्ये ते संवाद विसरले. तेव्हा त्यांनी दारावर हात ठेवला आणि उभे राहिले. तेवढा वेळ आम्ही दाराच्या आत होतो, आणि आम्हाला दार उघडता येत नव्हतं.'

एवढंच होतं.

मालकांनी कागद माझ्याकडून घेतला आणि चष्मा नसताना बराच वेळ बघितला. मग उजवा हात थोडा वर केला, त्याच्याकडे पाहिलं, खाली घेतला.

"जातो खरा वर," ते म्हणाले.

मालकांनी कागदाची घडी घालून वरच्या खिशात ठेवली. गाडीकडे जाताना काकांच्या खांद्यावर हात ठेवतील असं मला वाटलं, तसं काही झालं नाही. दारात मात्र त्या दिवशी ते थबकले नाहीत. काका त्यांच्या पाठीकडे बघत राहिले आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अंतिम लढतीत कोण जिंकलं हो? कोणी सांगितलंच नाही." मला नव्हतं माहीत. त्यांनी मोबाईल काढला नाही. ट्रक लागला होता, ते मोजायला गेले.

त्या दिवाळीनंतर माझं लग्न ठरलं आणि मी नोकरी सोडली. शेवटच्या आठवड्यातल्या एका दुपारी काही कागदांवर मालकांची सही घ्यायला मी बाहेर आले, तर त्यांची गाडी आवारात उभी होती. इंजिन चालू, काचा वर. आत ते एकटेच होते. मी काचेवर टकटक करणार होते, मग हात मागे घेतला. त्यांचे ओठ हलत होते, अगदी हळू, आवाज बाहेर येत नव्हता. डोळे समोर, गोडाऊनच्या भिंतीवर. आणि मांडीवरचा उजवा हात त्यांनी डाव्या हाताने मनगटाशी घट्ट धरून ठेवला होता.